कैसरचा डावा हात

जर्मनीचा अखेरचा सम्राट कैसर विल्हेल्म दुसरा याला छायाचित्रे काढून घेण्याची मोठी हौस होती. लष्करी गणवेश, टोकाशी वर वळवलेल्या मिशा, छातीवर पदकांची रांग. ही छायाचित्रे शेजारी शेजारी मांडून पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. उजवा हात मोकळा वावरतो; डावा मात्र कुठे ना कुठे टेकवलेला, अडकवलेला किंवा झाकलेला असतो. कधी तलवारीच्या मुठीवर, कधी कोटाच्या खिशात, कधी हातमोज्यांची जोडी धरून. हा हात उजव्यापेक्षा सुमारे १५ सेंटीमीटर आखूड होता आणि त्यात जोर जवळजवळ नव्हताच.

तो कुठल्या रणांगणावर जायबंदी झाला नव्हता. २७ जानेवारी १८५९ रोजी बर्लिनच्या राजवाड्यात, हा सम्राट पुरता जन्मलाही नव्हता, तेव्हा ती इजा झाली. खोलीत दोन देशांचे नामवंत वैद्य होते, अनुभवी सुइणी होत्या, क्लोरोफॉर्मची बाटली होती. तरीही हे घडले. मग दोष कुणाचा? जन्मताना बाळाला इजा झाली की आजही न्यायालयात हाच प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर शोधताना वैद्यक व कायदा या दोघांनाही दीडशे वर्षे चाचपडावे लागले आहे.

ही कहाणी मात्र त्याच्याही ४१ वर्षे आधी, इंग्लंडमध्ये सुरू होते.

राजा तिसरा जॉर्ज याला मुले पुष्कळ, पण औरस नातवंड एकच: राजकन्या शार्लट. ३ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी क्लेअरमाँट येथील वाड्यात तिला कळा सुरू झाल्या. देखरेखीला सर रिचर्ड क्रॉफ्ट होते, उच्चकुलीन स्त्रियांची बाळंतपणे करणारे प्रतिष्ठित वैद्य. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. सुमारे ५० तासांनी, ५ तारखेच्या रात्री, पूर्ण वाढलेला मुलगा मृतावस्थेत बाहेर आला. काही तासांतच, पहाटेपूर्वी, शार्लटही गेली.

क्रॉफ्ट यांच्या हाताशी प्रसूतीचा चिमटा होता. तो त्यांनी वापरला नाही.

या चिमट्याचा इतिहास वैद्यकाला फारसा भूषणावह नाही. फ्रान्समधून धर्मछळाला कंटाळून इंग्लंडात आलेल्या चेंबरलेन घराण्याने तो बनवला आणि पिढ्यान्‌पिढ्या, शंभराहून अधिक वर्षे, गुप्त ठेवला. अडलेल्या बाळाचे डोके दोन पात्यांत धरून बाहेर काढण्याची युक्ती या एका घराण्याला ठाऊक होती आणि तिच्यावर त्यांची धनदौलत उभी राहिली. १६७० मध्ये ह्यू चेंबरलेन हे गुपित विकण्यासाठी पॅरिसला गेला. तिथल्या मोरिसो या नामांकित प्रसूतितज्ज्ञाने त्याच्यापुढे कटिबंध अतिशय अरुंद असलेली एक ठेंगणी स्त्री ठेवली: हिला मोकळी करून दाखव. तीन तास खटाटोप करूनही ते साधले नाही आणि ती स्त्री दगावली. सौदा फिसकटला. त्या स्त्रीचे नाव कुणी नोंदवून ठेवण्याची तसदी घेतलेली दिसत नाही. १८१३ मध्ये एसेक्समधल्या एका जुन्या घराच्या फळ्यांखाली या घराण्याची हत्यारे सापडली. तोवर चिमटा सर्वांच्या हाती आला होता.

आणि सर्वांच्या हाती आल्यावर त्याचा अतिरेक झाला. घाईघाईने चिमटा लावून माता आणि बालके दोघांनाही जखमी करणारे वैद्य बोकाळले. त्याची प्रतिक्रिया म्हणून इंग्लंडात 'निसर्गाला त्याचे काम करू द्या' असा पंथ रूढ झाला. टॉमस डेनमन हे त्याचे मोठे पुरस्कर्ते. बाळाचे डोके अगदी खाली येऊन सहा तास अडून राहिले तरच चिमटा लावावा, असा त्यांचा नियम. क्रॉफ्ट हे डेनमन यांचे जावई आणि शिष्य. म्हणजे शार्लटच्या उशाशी बसून त्यांनी जे केले, किंवा केले नाही, ते त्या काळच्या सर्वोत्तम शिकवणीला धरूनच होते. राजघराण्याने त्यांना दोष दिला नाही, उलट त्यांच्यावरील विश्वास कळवला. जनतेने मात्र ठपका ठेवला. १३ फेब्रुवारी १८१८ रोजी, अशाच एका दुसऱ्या अवघड बाळंतपणासाठी एका घरी गेले असताना, क्रॉफ्ट यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली.

शार्लट गेल्यामुळे राजाच्या प्रौढ, अविवाहित मुलांची लग्नासाठी एकच धांदल उडाली. सिंहासनाला वारस हवा होता. त्यातल्याच एकाला, ड्यूक ऑफ केंटला, २४ मे १८१९ रोजी मुलगी झाली. तीच राणी व्हिक्टोरिया. एका बिघडलेल्या बाळंतपणामुळे जन्माला आलेली ही राणी पुढे नऊ मुलांची आई झाली. १८५३ मध्ये राजपुत्र लिओपोल्डच्या वेळी तिने क्लोरोफॉर्म घेतले. देणारा वैद्य होता जॉन स्नो, लंडनमधल्या पटकीच्या साथीचा माग काढत पाण्याच्या पंपापर्यंत पोचलेला तोच. वेदना सोसणे हा स्त्रीचा धर्म आहे असे सांगणाऱ्यांची बोलती राणीच्या या एका निर्णयाने बरीचशी बंद झाली.

तिची थोरली मुलगी, घरात व्हिकी म्हणून ओळखली जाणारी, १८५८ मध्ये प्रशियाच्या राजपुत्र फ्रेडरिकची पत्नी होऊन बर्लिनला गेली. वर्षभरात ती बाळंतपणाला आली तेव्हा तिचे वय १८ होते. लेकीच्या काळजीने राणीने इंग्लंडहून आपले वृद्ध राजवैद्य जेम्स क्लार्क, एक विश्वासू सुईण आणि क्लोरोफॉर्म पाठवले. बर्लिनचे डॉ. ऑगस्ट वेग्नर तिथे होतेच. बाळंतपण माहेरी होणार नव्हते, तर माहेरच सासरी पाठवण्यात आले, असे म्हणता येईल.

२६ जानेवारीच्या रात्री कळा सुरू झाल्या. बर्लिन विद्यापीठातील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक एडुआर्ड मार्टिन यांना बोलवायचे ठरले. अडचणीच्या प्रसूती हाताळणारा तिथला खरा तज्ज्ञ तोच. पण त्यांच्या नावाची चिठ्ठी हातोहात पोचती करण्याऐवजी टपालात पडली. मार्टिन राजवाड्यात आले तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते आणि प्रसूती अडल्याला बराच वेळ लोटला होता. त्यांनी तपासले तेव्हा चित्र स्पष्ट झाले. बाळाचे डोके वर होते आणि कुल्ले खाली.

मराठीत अशा उलट्या जन्मलेल्या मुलाला पायाळू म्हणतात. पायाळू माणसाने पाय लावला की पाठीतली उसण जाते, पायाळूला भूमिगत धन दिसते, अशा समजुती आपल्याकडे अजूनही ऐकू येतात. या सगळ्या समजुती जगलेल्या पायाळूंविषयी आहेत हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्या काळात असे मूल जगणे हेच मुळी नवल होते, आणि बहुधा त्या नवलाभोवतीच या कथा जमल्या असाव्यात.

पायाळू प्रसूतीत धोका शेवटी येतो. सरळ जन्मात डोके, म्हणजे बाळाचा सर्वांत मोठा भाग, आधी बाहेर पडतो आणि बाकीचे शरीर सहज मागे येते. उलट्या जन्मात शरीर आधी येते आणि डोके आत राहते. त्या वेळी नाळ डोके आणि आईच्या हाडांमध्ये चेपली जाते, बाळाचा प्राणवायू तुटतो, आणि दाईच्या किंवा डॉक्टरच्या हाती मोजकी मिनिटे उरतात. त्यातच बाळाचे हात डोक्याच्या बाजूला वर गेलेले असतील, तर वाट आणखी अरुंद होते. विल्हेल्मचे हात तसेच वर गेले होते. पोट चिरून बाळ काढण्याचा मार्ग १८५९ मध्ये खुला नव्हता. जिवंत स्त्रीवर ती शस्त्रक्रिया करणे म्हणजे तिला जवळजवळ निश्चित मृत्यूच्या दारी नेणे होते.

मार्टिन यांनी राजकन्येला क्लोरोफॉर्म दिले, कळा वाढवण्यासाठी अर्गट हे औषध दिले, आणि दुपारी पावणेतीनच्या सुमारास बाळाचा डावा हात जोर लावून खाली ओढून घेतला, मग डोके सोडवले. बाळ निपचित होते. रडेना. बराच वेळ चोळून, चापट्या मारून, पाण्याचा मारा करून त्याला शुद्धीवर आणावे लागले. अखेर ते रडले. बाहेर तोफा झडू लागल्या. आनंदाच्या त्या गदारोळात डाव्या हाताकडे कुणाचेच लक्ष गेले नाही. तो हात लुळा आहे हे ध्यानात आले तीन-चार दिवसांनी.

नेमके काय बिघडले होते? मानेच्या मणक्यांतून निघालेल्या मज्जातंतूंचा एक गुंता कॉलरच्या हाडामागून काखेकडे जातो आणि तिथून साऱ्या हाताला आज्ञा पोचवतो. बाळाची मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ताणला गेला की हे तंतू ओढले जातात, क्वचित तुटतात. हाड मोडलेले नसते, त्वचेवर खूण नसते, पण खांद्यापासून हात लोंबतो. आज प्रसूतिगृहातली नवखी परिचारिकाही हे ओळखते. १८५९ मध्ये मात्र या इजेला नावच नव्हते. फ्रान्सच्या दुशेन यांनी प्रसूतीत होणाऱ्या या पक्षाघाताचे वर्णन १८७२ मध्ये केले आणि जर्मनीच्या विल्हेल्म एर्ब यांनी १८७४ मध्ये मानेतले कोणते तंतू दुखावतात ते दाखवून दिले. तोवर आपला राजपुत्र १५ वर्षांचा झाला होता.

आणि त्या १५ वर्षांत त्याच्यावर जे उपचार झाले ते वाचताना जन्माच्या वेळची ओढाताण सौम्य वाटू लागते. नुकत्याच मारलेल्या सशाच्या उबदार शरीरात त्याचा हात घालून ठेवत. रानटी प्राण्याची ताकद लेकराच्या हातात उतरेल ही कल्पना. डाव्या हाताने काम करावे म्हणून चांगला उजवा हात शरीराला बांधून टाकत, आणि चालायला शिकणारे पोर तोल जाऊन पडे. विजेचे झटके दिले. मान एका बाजूला वळू लागली तेव्हा डोके व पाठ ताणून धरणारे लोखंडी यंत्र बांधले, आणि पुढे मानेचा स्नायू कापण्याची शस्त्रक्रियाही झाली. घोड्यावर त्याचा तोल राहीना, तेव्हा हिन्झ्पेटर या शिक्षकाने त्याला रिकिबीविना पुन्हा पुन्हा घोड्यावर चढवले, तो पडला की रडत असतानाच परत बसवले. एका हाताने राज्य करायचे असेल तर घोडा आलाच पाहिजे. कैसर पुढे उत्तम घोडेस्वार झाला. त्याची किंमत कुणी मोजली हे वेगळे सांगायला नको.

या साऱ्यामागे क्रौर्य होते असे म्हणता येणार नाही. आईची तडफड होती. व्हिकी आपल्या आईला लिहिलेल्या पत्रांतून मुलाच्या हाताचे दुःख पुन्हा पुन्हा मांडत राहिली. तिने स्वतःला दोष दिला, आणि दरबारानेही तिच्याकडेच बोट दाखवले: इंग्रज राजकन्येने प्रशियाला अधू वारस दिला. मुलगा मोठा झाल्यावर त्याने इंग्रज वैद्यकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. १८८८ मध्ये त्याचे वडील सम्राट फ्रेडरिक घशाच्या कर्करोगाने अवघे ९९ दिवस राज्य करून वारले. त्यांच्यावर मोरेल मॅकेंझी या ब्रिटिश डॉक्टरचे उपचार चालू होते. एका इंग्रज डॉक्टरने आपला हात अधू केला आणि दुसरा बापाला मारतो आहे, अशा आशयाचे उद्गार विल्हेल्मच्या नावावर सांगितले जातात. त्याचा हात ज्यांनी ओढला ते मार्टिन जर्मन होते, ही गोष्ट अशा वेळी कुणी आठवत नाही.

कैसरच्या आखूड हातामुळे पहिले महायुद्ध पेटले, असा निष्कर्ष काही हौशी मंडळी काढतात. इतिहासाला एवढा स्वस्त करू नये. जन्मताना प्राणवायू कमी पडल्याने त्याच्या मेंदूलाही सूक्ष्म इजा झाली असावी, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे. तो सिद्ध करण्याचा मार्ग आज उरलेला नाही.

मग हलगर्जीपणा झाला की नाही? आजच्या न्यायाधीशाच्या नजरेने पाहिले तर मार्टिन यांच्या त्या एका ओढीवर ठपका ठेवणे कठीण आहे. ते थांबले असते तर हात शाबूत राहिला असता आणि मूल गेले असते. दोष असलाच तर तो आधीच्या तासांत आहे: बाळ उलटे आहे हे वेळेत न ओळखण्यात, आणि तज्ज्ञाला आणण्याचे काम एका चिठ्ठीवर सोपवण्यात. पण दुखापत डोळ्यांना दिसते ती शेवटच्या ओढीत. म्हणून आरोपी शोधणारी नजर नेहमी त्या शेवटच्या हातावर खिळते. क्रॉफ्ट यांनी हात लावला नाही म्हणून ते दोषी ठरले. मार्टिन यांनी लावला म्हणून.

विल्हेल्मच्या जन्मानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १८६१ रोजी, लंडनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या सभेत विल्यम जॉन लिटल नावाच्या एका अस्थिवैद्याने निबंध वाचला. लिटल यांचा स्वतःचा एक पाय लहानपणी वाकडा झाला होता आणि जर्मनीत हॅनोव्हर येथे स्ट्रोमायर या शल्यवैद्याने टाचेचा स्नायुबंध कापून तो सरळ केला होता. ती विद्या घेऊन ते लंडनला परतले आणि वाकड्या हातापायांच्या मुलांसाठी त्यांनी रुग्णालय काढले. वीस वर्षांत त्यांच्याकडे पाय ताठ झालेली, चालताना गुडघे एकमेकांवर घासणारी, काही बोलण्यात मागे पडलेली सुमारे २०० मुले आली. प्रत्येकाच्या आईला ते एकच विचारत: बाळंतपण कसे झाले? वेळेआधी झाले, फार वेळ अडले, बाळ जन्मल्यावर रडले नाही, अशी उत्तरे येत गेली.

लिटल यांनी सभेला जे सांगितले त्यात एक अवघड सत्य होते. प्रसूती करणाऱ्याला दोनच शेवट दिसतात: बाळ मेले किंवा बाळ रडले. रडले की तो घरी जातो. तिसरा शेवट, म्हणजे बाळ जगले पण त्याचा मेंदू दुखावला, हा दोन-तीन वर्षांनी उमगतो आणि तेव्हा ते मूल दुसऱ्याच वैद्याच्या दारात असते. चूक करणारा आणि चुकीचे फळ पाहणारा यांची गाठच पडत नाही. आपल्या म्हणण्याला आधार म्हणून लिटल यांनी शेक्सपिअरच्या नाटकातल्या तिसऱ्या रिचर्डचाही दाखला दिला: वेळेआधी जन्मलेला, वाकड्या अंगाचा राजा. ज्या आजाराला आज सेरेब्रल पाल्सी म्हणतात त्याला बरीच वर्षे 'लिटलचा रोग' हेच नाव होते.

राजवाड्याबाहेर, जिथे ना मार्टिन होते ना लिटल, तिथे प्रश्न आणखी निराळा होता. १८७८ च्या सुमारास मुंबई इलाख्यातल्या एका चौदा वर्षांच्या आईचे मूल वैद्यकीय मदत न मिळाल्याने जन्मानंतर दहा दिवसांत गेले. त्या आईचे नाव आनंदीबाई जोशी. तिथे कुणाचा हात चुकला असे म्हणण्याची सोय नव्हती, हातच नव्हता. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून त्या डॉक्टर होऊन बाहेर पडल्या तेव्हा प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला होता हिंदूंच्या प्राचीन प्रसूतिशास्त्राचा.

युरोपात लिटल यांचे म्हणणे इतके पटले की पुढे जवळजवळ प्रत्येक सेरेब्रल पाल्सीचे खापर बाळंतपणावर फुटू लागले. या मताला १८९७ मध्ये एका व्हिएन्नाच्या मज्जाविकारतज्ज्ञाने आक्षेप घेतला. अवघड प्रसूती हे कारण असेलच असे नाही, म्हणाला तो. गर्भातच काहीतरी बिघडलेले असावे आणि त्यामुळेच प्रसूतीही अवघड होत असावी. या माणसाचे नाव सिग्मंड फ्रॉइड. मनोविश्लेषणामुळे तो जगाला ठाऊक झाला, पण त्याचे हे म्हणणे कित्येक दशके कुणी मनावर घेतले नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ५० हजारांहून अधिक गरोदरपणांचा मागोवा घेणारा अभ्यास झाला आणि १९८० च्या दशकात त्याचे निष्कर्ष पुढे आले, तेव्हा फ्रॉइडच बराचसा बरोबर ठरला. जन्मताना प्राणवायू तुटल्याने होणाऱ्या सेरेब्रल पाल्सीचे प्रमाण साधारण दहात एक, किंवा त्याहूनही कमी.

हा आकडा दोन्ही बाजूंनी वापरला जातो. डॉक्टरांचे वकील म्हणतात, पाहा, आमचा दोष नाही. पण दहात एक म्हणजे शून्य नव्हे, आणि त्या एका मुलाच्या आईबापांना बाकीच्या नऊंशी काय देणेघेणे?

कायद्याने या कोड्याला हात घातला तो उशिरा. १९५७ मध्ये लंडनमध्ये बोलम नावाच्या रुग्णाच्या खटल्यात एक कसोटी ठरली: जबाबदार डॉक्टरांच्या एखाद्या गटाला योग्य वाटेल असे वागणारा डॉक्टर निष्काळजी ठरत नाही. या कसोटीने क्रॉफ्ट निर्दोष सुटले असते. १९७० मध्ये बर्मिंगहॅम येथे एका डॉक्टरने अडलेल्या बाळाला चिमटा लावून पाच-सहा वेळा ओढले, मग थांबून पोट चिरले. मुलाच्या मेंदूला गंभीर इजा झाली. पहिल्या न्यायालयाने फार जोरात, फार वेळ ओढले असे ठरवून एक लाख पौंडांची भरपाई दिली. अपील न्यायालयाने निकाल फिरवला. न्यायमूर्ती डेनिंग यांनी तर निर्णयातली चूक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे असे सरसकट विधान केले. १९८० च्या अखेरीस हाउस ऑफ लॉर्ड्सनेही डॉक्टरला दोषमुक्त केले, पण डेनिंग यांचे विधान मात्र नाकारले. निर्णयातली चूक कधी निष्काळजीपणाची असते, कधी नसते; ते तपासावेच लागते, असे लॉर्ड्सनी सांगितले. ऐकायला साधे वाटते, पण 'डॉक्टरचा निर्णय' हे शब्द उच्चारले की चौकशी थांबण्याचे दिवस त्या वाक्याने संपले.

भारतात बोलमची कसोटी रुजली. पुण्यातल्या एका प्रकरणात, मांडीचे हाड मोडलेल्या तरुणाच्या मृत्यूविषयी, सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली: रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार करायचा हे ठरवताना आणि तो करताना, तिन्ही वेळी काळजी. १९९५ च्या शांता प्रकरणात पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आले, आणि २००५ मध्ये न्यायालयाने फौजदारी खटल्यासाठी हलगर्जीपणा घोर स्वरूपाचाच असला पाहिजे अशी मर्यादा घातली.

दरम्यान यंत्रे आली. पोटावर पट्टा बांधून बाळाच्या हृदयाचे ठोके कागदावर उमटवणारे यंत्र १९७० च्या दशकात प्रसूतिगृहांत पसरले. आता धोका आधीच कळेल आणि सेरेब्रल पाल्सी नाहीशी होईल, अशी आशा होती. १९८५ मध्ये डब्लिनमध्ये सुमारे १३ हजार स्त्रियांवर झालेल्या चाचणीने ती मोडली. यंत्रामुळे नवजात बाळांना येणाऱ्या झटक्यांचे प्रमाण निम्मे झाले, पण चार वर्षांनी पाहिले तेव्हा सेरेब्रल पाल्सी तेवढीच होती. शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूती मात्र वाढत गेल्या. एक गोष्ट यंत्राने निश्चित बदलली: न्यायालयात आता प्रत्येक ठोक्याची नोंद असलेला कागद हजर असतो. मार्टिन यांच्याबाबत असा कागद असता तर?

ऑक्टोबर १९९९ मध्ये स्कॉटलंडच्या लॅनार्कशायरमध्ये एका स्त्रीची प्रसूती झाली. ती चणीने लहान होती आणि तिला मधुमेह होता. मधुमेही आईचे बाळ खांद्यात रुंद असू शकते आणि डोके बाहेर आल्यावर खांदा अडकण्याची शक्यता अशा स्त्रियांत ९ ते १० टक्के असते. बाळ फार मोठे असेल का, ते नीट बाहेर येईल का, ही काळजी तिने गरोदरपणात बोलून दाखवली होती. डॉक्टरने तिला खांद्याच्या धोक्याविषयी सांगितले नाही. सांगितले तर प्रत्येक जण शस्त्रक्रियाच मागेल, असे त्या डॉक्टरचे मत होते. खांदा अडकला. डोके बाहेर आल्यापासून बाळ मोकळे होईपर्यंत १२ मिनिटे गेली. मुलाला सेरेब्रल पाल्सी झाली, आणि एका हातात मानेच्या तंतूंची तीच इजा, जी एर्बने १८७४ मध्ये ओळखली होती आणि कैसरने आयुष्यभर हातमोज्यांआड लपवली होती.

स्कॉटलंडच्या दोन न्यायालयांनी दावा फेटाळला. धोका सांगायचा की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचे, ही जुनीच भूमिका. ११ मार्च २०१५ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी ती एकमताने बाजूला सारली. त्या १२ मिनिटांत डॉक्टरने केलेल्या धडपडीत त्यांना दोष दिसला नाही. दोष दिसला तो कित्येक आठवडे आधी, तपासणीच्या खोलीत न उच्चारलेल्या एका वाक्यात. धोका किती मोठा आहे हे डॉक्टरला काय वाटते त्यावर ठरत नाही, त्या आईच्या जागी असलेल्या शहाण्या व्यक्तीला तो महत्त्वाचा वाटेल का यावर ठरते, आणि निवड तिची आहे, असे न्यायालयाने म्हटले. भरपाई ५२ लाख ५० हजार पौंडांची मिळाली. मुलगा तोवर १५ वर्षांचा झाला होता.